शेतीचे शिक्षण आणि सरकारी पैसा
(मंडळाच्या लोणी काळभोर येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



आपली घरे कालव्याच्या पाण्यावर आणि उसाच्या पिकावर उभी राहिली. म्हणून शेतीच्या शिक्षणाचा खर्च कोणी सोसावा, हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

हा प्रश्न प्रथम ठामपणे मांडला तो महात्मा जोतीराव फुले यांनी. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी सांगितले की, सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा लाभ मात्र वरच्या वर्गांना मिळतो. त्याआधी १८७९ साली पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात शेतीचा वर्ग निघाला होता, व त्यातूनच पुढे पुण्याचे कृषी महाविद्यालय उभे राहिले. तेथील प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावची जमीन आणि कर्ज यांचा घरोघर तपास करून १९१७ साली तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. सरकारी पैशाने चाललेली संस्था शेतकऱ्याच्या उंबऱ्यापर्यंत कशी जाते, याचा तो पाठ होय.

राहुरीचे कृषी विद्यापीठ १९६८ साली, अकोल्याचे १९६९ साली, तर परभणी व दापोली येथील विद्यापीठे १९७२ साली स्थापन झाली. त्यांच्यावरील खर्च केवळ विद्यार्थ्यांपुरता नाही. पाडेगावच्या संशोधन केंद्रातून निघालेला ‘फुले २६५’ हा ऊस खारवट जमिनीतही तग धरतो. ज्याने महाविद्यालयाचे तोंड पाहिले नाही, त्याच्याही बांधात ते ज्ञान पोहोचले. खाजगी संस्थेने फीच्या पैशातून असे दीर्घ संशोधन करावे, ही अपेक्षा व्यवहार्य नाही. म्हणून सार्वजनिक विद्यापीठांतील प्राध्यापकांच्या जागा भरणे व प्रक्षेत्रे जिवंत ठेवणे, यांवर सरकारी पैशाचा पहिला हक्क आहे असे मी मानतो.

मग खाजगी महाविद्यालयांचे काय? त्यांतील बहुतेक कायम विनाअनुदानित आहेत. शिक्षकांच्या वेतनापासून प्रयोगशाळेपर्यंत सारा भार विद्यार्थ्यांच्या फीवर पडतो. मात्र सरकारी जागा थोड्या, आणि शिकू इच्छिणारी मुले फार. त्या मुलांना वाऱ्यावर सोडणे हा न्याय नव्हे. संस्थेला सरसकट अनुदान देण्यापेक्षा गरजू विद्यार्थ्याची फी सरकारने भरावी, आणि तशी भरताना जमीन, प्रयोगशाळा व शिक्षक प्रत्यक्ष आहेत की कागदावर, हे कठोरपणे तपासावे, हा मार्ग मला योग्य वाटतो.

या मार्गावर एक पाऊल पडले आहे. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील, ज्यांच्या पालकांचे वार्षिक उत्पन्न ८ लाख रुपयांपर्यंत आहे, अशा मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्क पूर्ण माफ झाले. कृषी पदवीही त्यात येते, आणि विनाअनुदानित महाविद्यालयेही. परंतु प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. संस्थास्तरावरील प्रवेशास आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठांस ही सवलत नाही.

ही अट किती महाग पडते ते सांगतो. आपल्यातीलच एक गृहस्थ मजकडे आले. मुलगी हुशार, परंतु जागा हातची जाईल या भीतीने त्यांनी एका संस्थेत थेट पैसे भरून प्रवेश घेतला. सवलतीची चौकशी केली ती नंतर. चार वर्षांच्या फीसाठी त्यांनी बांधालगतचा तुकडा विकावयास काढला होता. मी त्यांना काय सांगणार? कायदा त्यांच्या बाजूने नव्हता, आणि ते अगोदर विचारावयास येतील असे ठिकाण आपण निर्माण केलेले नव्हते. तो दोष त्यांचा एकट्याचा नाही, तुमचा-आमचाही आहे.

म्हणून मंडळाला माझी एक सूचना आहे. प्रवेशाच्या दिवसांत माहितगार अशा दोघांनी रोज सायंकाळी येथे बसावे. दाखले कोणते, मुदत कोणती, महाविद्यालयाचा दर्जा काय, हे पालकांना समजावून द्यावे. सत्काराच्या शाली आणि हारतुरे यांवरील खर्च थोडा आवरला, तर मुलांच्या वसतिगृहाच्या खर्चालाही हातभार लागेल. कारण फी माफ झाली तरी पोटाची खळगी माफ होत नाही.

सरकारकडे मागावयाचे ते ठामपणे मागू या. आणि जे मिळाले आहे, ते अज्ञानामुळे आपल्या लेकींच्या हातून निसटू देऊ नये, एवढीच प्रार्थना करून मी आपली रजा घेतो.