खातं उघडणं आणि वस्तीला येणं

मराठीतून संकेतस्थळं, ॲप, अंक, वाहिन्या चालवणाऱ्या मित्रमैत्रिणींनो,

अध्यक्षानं पहिली दहा मिनिटं आभारात घालवायची, अशी आपल्याकडं रीत आहे. ती एका वाक्यात उरकतो: मला इथं बोलावलंत, मी ऋणी आहे. आता थेट त्या प्रश्नाकडं येतो, जो इथल्या प्रत्येक परिसंवादात या ना त्या रूपानं डोकावतो आहे. पाय रोवून बसलेल्या समाजमाध्यमाला एखादं नवं माध्यम आव्हान देऊ शकतं का? आपल्यातल्या काहींच्या खिशात असं ॲप तयारही आहे. जेवणाच्या रांगेत मला ते दाखवण्यात आलं. चांगलं आहे. अडचण तिथंच आहे, कारण चांगलं असणं इथं फारसं उपयोगी पडत नाही.

28 जून 2011 रोजी गुगलनं ‘गुगल प्लस’ आणलं, तेव्हा त्यांच्याकडं काय नव्हतं? पैसा होता, अभियंते होते, जीमेल आणि यूट्यूबची कोट्यवधी माणसं घरचीच होती. फेसबुकवर तेव्हा सुमारे 75 कोटी लोक होते आणि त्यांतले पुष्कळ कावलेले होते. सासरेबुवा, ऑफिसातले साहेब आणि शाळेतला वात्रट मित्र या तिघांना एकच फोटो दिसावा का, या प्रश्नाला फेसबुकपाशी धड उत्तर नव्हतं. गुगल प्लसपाशी होतं. ‘सर्कल्स’मध्ये माणसांचे वेगवेगळे गट करायचे आणि कुणाला काय दिसेल ते आपण ठरवायचं. ‘हँगआउट्स’वर अनेकांनी एकत्र बसून व्हिडिओवर गप्पा मारायच्या. दोनेक आठवड्यांत एक कोटी लोक आले.

फेसबुक काही हातावर हात धरून बसलं नव्हतं. जुलैमध्येच त्यांनी स्काइपच्या मदतीनं व्हिडिओ कॉल आणला आणि सप्टेंबरात मित्रांच्या आपोआप बनणाऱ्या याद्या दिल्या. नव्याची खुबी जुन्याला उचलता येते, जुन्याकडची माणसं नव्याला उचलता येत नाहीत. मग गुगलनं सक्तीचा मार्ग धरला. 2013 च्या अखेरीला यूट्यूबवर प्रतिक्रिया लिहायला गुगल प्लसचं खातं लागू लागलं, आणि यूट्यूबचे एक संस्थापक जावेद करीम यांनीच त्यावर उघड नाराजी दाखवली. खात्यांचा आकडा फुगत गेला, पण वस्ती काही झाली नाही. ऑक्टोबर 2018 मध्ये गुगलनं स्वतःच सांगितलं की 90 टक्के वेळा माणूस पाच सेकंदांच्या आत बाहेर पडतो. 2 एप्रिल 2019 रोजी सर्वसामान्यांसाठीचं गुगल प्लस मिटलं.

गंमत अशी, की याच गुगलच्या हातात एकेकाळी भारत होता. जानेवारी 2004 मध्ये ऑर्कुट ब्युक्कोक्तेन या तुर्की अभियंत्यानं सुरू केलेलं ऑर्कुट ब्राझील आणि भारत या दोन देशांनी डोक्यावर घेतलं. आपल्या पिढीतल्या अनेकांनी देवनागरीत पहिल्यांदा टंकलं ते तिथल्याच एखाद्या कवितेच्या, गडकिल्ल्यांच्या नाहीतर कॉलेजच्या कम्युनिटीत. तरी 2010 मध्ये फेसबुक भारतात ऑर्कुटच्या पुढं गेलं. म्हणजे प्रस्थापित हरतच नाही असं मुळीच नाही. मग फेसबुकला जमलं ते गुगल प्लसला का नाही?

मला वाटतं, उत्तर फेसबुकच्या सुरुवातीत आहे. फेब्रुवारी 2004 मध्ये ते फक्त हार्वर्डच्या विद्यार्थ्यांसाठी निघालं. मग एकेक कॉलेज, मग शाळा, मग काही कंपन्या, आणि सगळ्यांना दार उघडलं ते सप्टेंबर 2006 मध्ये. एका गटातली माणसं पुरेशी भरल्यावर पुढचा गट. रॉबर्ट मेटकाफ यांच्या नावानं ओळखला जाणारा एक नियम आहे: जाळ्याची किंमत माणसांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. अँड्र्यू ओडलिझ्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2006 मध्ये त्यावर आक्षेप घेतला की सगळी नाती सारख्या मोलाची नसतात. मला हा आक्षेप पटतो. 75 कोटींशी कुणाला बोलायचं असतं? आपल्याला वीस-पंचवीस माणसं हवी असतात, फक्त ती सगळी एकाच वेळी एकाच ठिकाणी असावी लागतात. नव्याला शिरायला फट आहे ती इथं.

आता ‘कू’. ही कथा आपल्याला जास्त जवळची, कारण ट्विटरच्या या देशी प्रतिस्पर्ध्यानं मराठीलाही मानाची जागा दिली होती. अप्रमेय राधाकृष्ण आणि मयंक बिदावतका यांनी 2020 मध्ये बंगळुरूत ते सुरू केलं, कन्नडपासून. फेब्रुवारी 2021 मध्ये केंद्र सरकार आणि ट्विटर यांच्यात जुंपली, आणि मंत्री, सरकारी खाती, नट, खेळाडू कूवर दिसू लागले. मात्र यांतल्या बहुतेकांनी ट्विटर सोडलं नाही. तोच मजकूर दोन्हीकडं पडत असेल, तर वाचकानं घर का बदलावं? संस्थापकांच्याच सांगण्यानुसार ऐन भरात कूवर रोज सुमारे 21 लाख आणि महिन्याला सुमारे एक कोटी लोक येत. जुलै 2024 मध्ये त्यांनी निरोप घेतला. भांडवलाचा ओघ आटला हे त्यांनी दिलेलं कारण खरंच आहे. पण रागानं आलेली माणसं राग ओसरल्यावर राहतील असं काही तिथं घडत नव्हतं, हेही तितकंच खरं.

प्रतिस्पर्धी सरकारनंच दूर केला तर? तेही पाहून झालं. 29 जून 2020 रोजी टिकटॉकवर बंदी आली, देशी ॲपची झुंबड उडाली, आणि दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामनं भारतात ‘रील्स’ आणलं. आज आपल्या गावागावांतली पोरं कशावर नाचतात ते मी सांगायला नको. 2023 मध्ये ट्विटरविरुद्ध उतरलेल्या ‘थ्रेड्स’नं पाच दिवसांत दहा कोटी खाती जमवली, तीही इन्स्टाग्रामची तयार यादी हाताशी होती म्हणून. ते एका सावकारानं दुसऱ्या सावकाराला दिलेलं आव्हान होतं. आपला त्यात संबंध नाही.

ज्या उदाहरणाकडं आपण पाहायला हवं ते मोबाइलचं आहे. 5 सप्टेंबर 2016 रोजी जिओची सेवा सुरू झाली. पहिल्या दिवशीच्या जिओ ग्राहकाला एअरटेलवरच्या आईला फोन लावता येत होता, कारण कंपन्यांनी एकमेकांचे कॉल घेतलेच पाहिजेत असा नियम आहे. जुन्या कंपन्यांनी जोडणीचे पुरेसे बिंदू दिले नाहीत, कॉल मोठ्या प्रमाणावर लागेनात, तेव्हा दूरसंचार नियामक ट्रायनं त्या ऑक्टोबरात एअरटेल, व्होडाफोन आणि आयडिया यांना मिळून 3,050 कोटी रुपये दंड करावा अशी शिफारस केली. शिवाय नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्याची सोय 20 जानेवारी 2011 पासून देशभर होतीच. फेब्रुवारी 2017 पर्यंत जिओचे दहा कोटी ग्राहक झाले. फुकट डेटा हे त्याचं मोठं कारण, यात वाद नाही. पण जिओवरून फक्त जिओलाच फोन लागला असता, तर त्या फुकट सिमकार्डाचं काय झालं असतं याचा विचार करा. आणि कूवरून लिहिलेलं ट्विटरवरच्या मित्राला आपोआप पोचलं असतं तर काय झालं असतं, याचाही.

तांत्रिकदृष्ट्या यात अशक्य काही नाही. मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर जाताना अनुयायी सोबत नेता येतात, जुना मजकूर मात्र मागं राहतो. युरोपीय संघाच्या डिजिटल बाजारपेठ कायद्यानं मार्च 2024 पासून व्हॉट्सॲपवर, मागणी करणाऱ्या इतर संदेशसेवांना जोडणी देण्याचं बंधन घातलं आहे. आपल्याकडं 2019 च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण विधेयकात आपली माहिती एका सेवेकडून दुसऱ्या सेवेकडं नेण्याचा हक्क होता. 2023 मध्ये कायदा झाला तेव्हा तो हक्क त्यात उरला नव्हता. त्यावर मराठीत, निदान माझ्या वाचनात तरी, अग्रलेख आला नाही.

ॲप बनवणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं आहे: अख्ख्या महाराष्ट्रासाठी काही काढू नका. एका तालुक्यातल्या द्राक्षबागायतदारांसाठी काढा, नाहीतर एकाच विद्यापीठाच्या नाट्यवेड्यांसाठी, आणि बाहेर पडायचं दार पहिल्या दिवसापासून उघडं ठेवा. लेखकांना विनंती, की जे लिहाल त्याची प्रत स्वतःपाशी ठेवा. 30 सप्टेंबर 2014 रोजी ऑर्कुट बंद झालं, त्यानंतर तिथल्या किती मराठी चर्चा आज वाचायला मिळतात ते शोधून पाहा.

समारोपाच्या सत्रात नेहमीप्रमाणे ठराव येतील. त्यात एक ठराव असाही घ्यावा, की 2019 च्या विधेयकातला तो हक्क केंद्र सरकारनं कायद्यात परत आणावा आणि मोठ्या समाजमाध्यमांना मोबाइल कंपन्यांप्रमाणे जोडणी बंधनकारक करावी. सूचक म्हणून माझं नाव घाला. अनुमोदक याच सभागृहातून हवा.