हडळ कोणी केली?



बाळंतपणात किंवा विटाळात मेलेली बाई हडळ होते, असा समज कोकणात आणि घाटावर पिढ्यान् पिढ्या चालत आला. अहेवपणी वासना राहून गेली तर जखीण. विधवा मेली तर लावसट. नाशिकला 1909 मध्ये गोळीला बळी पडलेले कलेक्टर जॅक्सन यांनी जमविलेली आणि एन्थोव्हेन यांनी 1915 साली प्रसिद्ध केलेली कोकणच्या लोकसमजुतींची टिपणे पाहिली, तर ही नावे तेथे भेटतात. गावोगाव अर्थ थोडेफार बदलतात, निकष मात्र बदलत नाही. पुरुषाचे भूत ब्राह्मणाचे असेल तर समंध, मुसलमानाचे असेल तर खवीस. म्हणजे जात आणि धर्म मसणातही सुटत नाहीत. स्त्रीच्या बाबतीत आधी चौकशी होते ती नवऱ्याची आणि कुशीची.

हडळीचे वर्णन मोठे बोलके आहे. समोरून भरलेली, केस मोकळे सोडलेली, पाठीकडून हाडांचा सापळा. रक्तस्रावाने पांढरी पडत गेलेली बाळंतीण ज्या घराने पाहिली, त्या घराला हे चित्र कल्पनेतून आणावे लागले नसेल. तिला वाचविता आले नाही, याची टोचणी समाजाने भीतीत रूपांतरित केली आणि दोष मेलेलीच्या माथी मारला. 2018 ते 2020 या काळात महाराष्ट्रात दर एक लाख जिवंत जन्मांमागे 33 मातामृत्यू नोंदले गेले. देशाचा आकडा 97 होता. हडळींची संख्या घटली ती परिचारिका, रक्तपेढ्या आणि आरोग्य केंद्रे यांच्यामुळे. मांत्रिकाचे त्यात काहीच श्रेय नाही.

भाषेनेही या कामी हात दिला. यक्षिणीची जखीण झाली. त्याच घराण्यातील जखाईला मात्र नारळ फुटतो. बाळाचे भाग्य लिहिणारी षष्ठी सटवाई म्हणून पुजली जाते, आणि सटवी ही शिवी होते. वाल्मीकींची ताटका मुळात यक्षिणी. अगस्त्यांच्या कोपाने पती गेला, ती सूड घेण्यास धावली, आणि शापाने राक्षसी झाली. मराठीत तिची त्राटिका होऊन तोंडाळ बायकोसाठी राखीव झाली. वासुदेव बाळकृष्ण केळकरांनी शेक्सपिअरच्या नाटकाचे रूपांतर केले तेव्हा हेच नाव त्यांच्या हाताशी तयार होते. नायिकेला वठणीवर आणण्याच्या खेळाला प्रेक्षकांनी टाळ्याही दिल्या.

येथवर सारे शब्दांचे झाले. सातपुड्यात डाकीण हा नुसता शब्द नाही. पोर तापाने गेले, बैल मेला, की भगत एखादे नाव घेतो. ते नाव पुष्कळदा एकट्या बाईचे, विधवेचे असते. तिच्या नावे जमिनीचा तुकडा असला तर संशय लवकर पक्का होतो. मग मारहाण, गावबंदी, क्वचित खून.

डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून 20 ऑगस्ट 2013 रोजी झाला. अठरा वर्षे रखडलेल्या कायद्याचा वटहुकूम त्याच महिन्यात निघाला आणि डिसेंबरात विधेयक संमत झाले. सहा महिने ते सात वर्षे कैदेची तरतूद त्यात आहे. परंतु फिर्याद द्यायची ती त्या बाईने, आपल्याच पाड्याविरुद्ध. साक्षीदार शेजारचे, आणि निकालानंतर राहायचे त्यांच्यातच. तेथे चार महिने मुक्काम करणारा कार्यकर्ता हवा.

आणि बैठकीत हिशेब मागणाऱ्या भगिनीला मागच्या रांगेतून ‘कैदाशीण’ म्हणून हसणारेही कार्यकर्तेच असतात.