मुक्त व्यापाराचे करार आणि आपला कापूस



आमची शाळा सातवीतच सुटली. अर्थशास्त्र आम्ही शिकलो ते जिनिंगच्या फाटकापाशी. तेव्हा मुक्त व्यापाराच्या करारांनी देशांचे भले होते काय, याचे पुस्तकी उत्तर आमच्याकडून मिळावयाचे नाही. आम्ही कापसाविषयी बोलू. तो येथे सर्वांच्या ओळखीचा आहे.

मुक्त व्यापार म्हणताच ज्यांना भरून येते त्यांनी 1896 साल आठवावे. लँकेशायरच्या कापडावर येथे साडेतीन टक्के जकात होती, म्हणून आपल्या गिरण्यांच्या कापडावरही तितकाच कर बसविला. नाव काय, तर समता! 1925 च्या अखेरीस तो थांबला. त्या व्यवहारात दोन्ही बाजूंची सही एकाच मालकाची होती.

आज आपली सही आपली आहे, हा फरक आम्ही लहान मानीत नाही. 24 जुलै 2025 रोजी ब्रिटनशी करार झाला. आपल्या वस्त्रांवरील 12 टक्क्यांपर्यंतची जकात काढण्याचे त्यात ठरले. बांगलादेशाचे कपडे तेथे आधीपासून बिनजकात जात होते. शिवणाऱ्या कामगाराला काम मिळणार असेल तर आम्ही विरोध का करावा? ऑस्ट्रेलियाच्या 2022 च्या करारात 51,000 टन अतिलांब धाग्याचा कापूस बिनजकात येऊ दिला. तसला कापूस आपल्या शिवारात पिकत नाही. त्यावर ओरड नको, असे आम्ही म्हणालो, तेव्हा काही मित्र रागावले.

पण 19 ऑगस्ट 2025 ला निराळे घडले. अमेरिकेने आपल्या मालावर जबर कर लादला होता, गिरण्या अडचणीत होत्या. सरकारने सर्वच कापसावरील 11 टक्के आयातकर उठविला. प्रथम सप्टेंबरअखेर, मग 31 डिसेंबरपर्यंत. हा करार नव्हे, एकतर्फी निर्णय. पण दार उघडले ते उघडलेच. पेरणी जूनमध्ये झालेली, वेचणी दिवाळीच्या सुमारास. 8,110 रुपये हमीभाव होता खरा; पण बोंडात 12 टक्क्यांहून अधिक ओल निघाली की तो भाव मिळत नाही. शिवाय परदेशी गाठी सरकी काढून, दाबून येतात. आमच्या जिनिंगच्या माणसाला त्यांत एक दिवसाचीही मजुरी नाही.

त्या दिवाळीत एका घरी बसलो होतो. थोरला कपाशी करतो, धाकटा भिवंडीला मागावर. एकाला कापूस महाग हवा, दुसऱ्याला सूत स्वस्त. म्हातारी म्हणाली, "दादा, मंग आमनं भलं कशामा शे?"

देशाचा फायदा मोजणारे या घराची बेरीज कशी करतात, हे आम्हांस कोणी सांगितलेले नाही. आम्ही एवढेच म्हणालो की, जकातीत बदल करावयाचा तर तो पेरणीपूर्वी जाहीर व्हावा, म्हणजे थोरल्याला कपाशी लावायची की मका हे तरी ठरविता येईल. धाकट्याला ते पुरते पटले नाही. सूत महागले की त्याचा माग आठवड्यातून दोन दिवस बंद असतो.