लोकरींतला छुपा शत्रु

थंडींत मनुष्याला ऊब देणारी लोकर उन्हाळ्यांत मेंढीच्याच जिवावर उठूं शकते. इंग्लंडमध्यें हवा उबदार व दमट झाली, कीं एक हिरवी चकचकीत माशी मलमूत्रानें बरबटलेल्या लोकरींत अंडीं घालते. सुमारें १२ तासांतच अंड्यांतून अळ्या निघूं शकतात व त्या मेंढीची कातडी कुरतडूं लागतात. वरून लोकर जशीच्या तशी दिसते. आंत मात्र जखम पसरत असते. वेळीच उपचार न झाल्यास जनावर थोड्या दिवसांत दगावतें.

थोड्या मेंढ्या पाळणारासहि हें टाळतां येतें. शेपटीभोंवतालची मळकी लोकर वेळोवेळीं कातरावी. जंतांमुळें हगवण लागूं नये म्हणून पशुवैद्याच्या सल्ल्यानें औषध द्यावें. उन्हाळ्याच्या आरंभीं सर्व लोकर उतरवावी. सायरोमॅझिनसारखीं औषधें अळ्यांची वाढ रोखतात. परंतु तीं माशांचा उपद्रव सुरू होण्यापूर्वींच लावावीं लागतात.

तथापि सर्वांत मोठें औषध म्हणजे पाळणाराची नजर. कळपापासून दूर उभी राहणारी, पाय आपटणारी, मागें वळून अंग चावणारी मेंढी तत्काळ धरावी आणि लोकर बाजूस सारून कातडी पाहावी. मोठ्या कळपांत एखादी मेंढी नजरेंतून निसटते. लहान कळपांत रोज प्रत्येकीकडे पाहतां येतें, आणि त्यांतच तिचें रक्षण आहे.