एकाच अंड्यातून राणी आणि कामकरी



थंडी ओसरू लागली की आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, कांद्याच्या बियाण्याच्या प्लॉटात पांढरे गोंडे डोलू लागतात. कांद्याच्या फुलात पराग आधी सुटतो आणि बीजांडाकडे जाणारी वाट मागाहून तयार होते. त्यामुळे त्या फुलाचे स्वतःच्या परागावर भागत नाही. दुसऱ्या फुलाचा पराग कोणीतरी आणून द्यावा लागतो, आणि ते काम मुख्यतः मधमाशी करते. म्हणून हल्ली कांद्याच्या बांधावर आणि डाळिंबाच्या बागेत भाड्याच्या मधपेट्या दिसतात.

पण पेटी आणून ठेवली म्हणजे काम झाले असे नाही. राहुरी तालुक्यातल्या एका बागायतदाराने चार पेट्या आणल्या होत्या. तीन पेट्यांच्या दारात ही गर्दी, आणि चौथीत शुकशुकाट. तो मला म्हणाला, "साहेब, या माश्यांची जातच आळशी दिसते." झाकण काढून पाहिलं, तर आत राणीच नव्हती! दोष जातीचा नव्हता. तो काय होता हे कळायला माश्यांच्या घरात थोडं डोकवावं लागेल.

पेटीत तीन प्रकारच्या माश्या असतात. अंडी घालणारी एक राणी, हजारो कामकरी माश्या आणि हंगामात काही नर. शास्त्रज्ञ राणी आणि कामकरी यांना दोन 'जाती' म्हणतात, पण ही जात जन्माने ठरत नाही बरं का. आपण म्हणतो, खाण तशी माती. इथे खाण एकच आणि माती दोन तऱ्हेची. ज्या अंड्यातून कामकरी निघते, त्याच अंड्यातून राणीही निघू शकते.

तुमच्याच शेतातला दाखला घ्या. कांदा तोच, वाणही तोच. पण पुरेशी थंडी लागली की त्यालाच डोंगळा येतो. बीज बदललं का? नाही. आत जे दडलेलं होतं ते थंडीने जागं केलं. माशीच्या अळीच्या बाबतीत थंडीचं काम खाणं करतं.

अंडं तीन दिवसांनी फुटतं. तरुण कामकरी माश्या म्हणजे घरातल्या दाया. त्यांच्या डोक्यातल्या ग्रंथींतून दुधासारखा पांढरा रस निघतो. पहिले तीन दिवस सगळ्याच अळ्यांना असा रस मिळतो. पुढे कामकरी व्हायच्या अळीचं खाणं बदलतं. रस मोजका होतो आणि त्यात मध व पराग येतो. राणी व्हायची अळी मात्र शेवटपर्यंत त्या रसात अक्षरशः पोहत असते. तिचं घरही वेगळं असतं, भुईमुगाच्या शेंगेसारखं खाली लोंबणारं. याच रसाला बाजारात 'रॉयल जेली' म्हणतात.

भरपूर खाणं मिळालं की अळीच्या मेंदूजवळच्या दोन बारीक ग्रंथी एक संप्रेरक जास्त सोडतात. त्याचं नाव ज्युव्हेनाईल हार्मोन. कोणती जनुकं चालू राहायची आणि कोणती गप्प बसायची, हे ठरवण्यात त्याचा मोठा हात असतो. हे संप्रेरक बाहेरून लावून कामकरीच्या अळीला राणीच्या वळणावर नेण्याचे प्रयोग 1970 च्या दशकातच झाले. 2008 साली ऑस्ट्रेलियातल्या शास्त्रज्ञांनी आणखी एक गंमत केली. जनुकांवर 'गप्प बस' अशा खुणा करणारं एक जनुकच त्यांनी अळ्यांमध्ये दाबून टाकलं. तेव्हा रॉयल जेलीशिवायही बहुतेक अळ्या राणीसारख्या निघाल्या. बियाण्यात सगळंच असतं, कोणता दरवाजा उघडतो त्यावर पीक ठरतं.

पाळीव मेलिफेरा माशीत राणी 16 दिवसांत बाहेर पडते, कामकरी 21 दिवसांत आणि नर 24 दिवसांत. राणी दोन-तीन वर्षं जगते. हंगामात राबणारी कामकरी जेमतेम सहा आठवडे.

आता आपल्या कामाची गोष्ट. राणी मेली किंवा पेटी हलवताना चिरडली, तरी माश्या हात टेकत नाहीत. तीन दिवसांच्या आतली कोवळी अळी असेल, तर तिचं घर वाढवून, तिला रसावर ठेवून त्या नवी राणी तयार करतात. बारा-तेरा दिवसांत ती बाहेर येते, उडत जाऊन अनेक नरांशी मिलन करते, आणि राणी गेल्यापासून तीन-चार आठवड्यांत अंडी दिसू लागतात. मात्र अळ्या मोठ्या झालेल्या असतील तर वेळ टळली. मग कितीही रस पाजा, खरी राणी होत नाही. अशा वेळी दुसऱ्या पेटीतली अंडी आणि कोवळ्या अळ्या असलेली चौकट लगेच द्यायची.

ते राहून गेलं तर काय होतं? राणीच्या अंगचा वास आणि उघड्या अळ्यांचा वास, या दोन्हींमुळे कामकरी माश्यांची अंडाशयं मिटलेली राहतात. दोन्ही नाहीसे झाले की काही कामकरीच अंडी घालू लागतात. आपल्या सातेरी माशीत तर हे फार लवकर होतं. पण त्यांचं मिलन झालेलं नसतं, आणि बिनफळलेल्या अंड्यातून फक्त नर निघतो. हे योहान झिर्झोन नावाच्या पाद्र्याने 1845 सालीच सांगून ठेवलं आहे. राहुरीच्या त्या चौथ्या पेटीत हेच झालं होतं. एकेका घरात तीन-तीन अंडी, तीही तळाशी न चिकटता भिंतीला, आणि घरांची झाकणं फुगीर. नर फुलावर पराग गोळा करायला जात नाही, तो आयतं खातो. मग कांद्याचे गोंडे भरणार कसे?

म्हणून भाड्याची पेटी ताब्यात घेताना मालकाला मधली एक चौकट उचलून दाखवायला सांगा, यात भीड धरू नका. ऊन पाठीवर घ्या म्हणजे घराच्या तळाशी बघता येतं. प्रत्येक घरात एकच बारीक पांढरं अंडं उभं दिसलं आणि झाकलेल्या अळ्यांचा पट्टा सलग असला, तर पेटी चांगली.

पट्टा सलग नसून मध्ये-मध्ये घरं रिकामी दिसली, तर त्याचं एक कारण भावकीतली सोयरीक असू शकतं. राणी तिच्याच भावकीतल्या नरांशी लागली की काही फळलेल्या अंड्यांतूनही बिनकामाचे नर होतात, आणि कामकरी माश्या त्या अळ्या ताबडतोब खाऊन टाकतात. रोगानेही असंच दिसतं, तेव्हा जाणत्याला दाखवा. पण स्वतः पेट्या वाढवणार असाल, तर सगळ्या एकाच राणीच्या वंशातून वाढवू नका. एक-दोन वसाहती लांबच्या गावाहून आणा.

राहता राहिली फवारणी. वरचं संप्रेरक मोठ्या माशीतही काम करतं. तरुण माशीत ते कमी असतं, तेव्हा ती घरात दाईचं काम करते. साधारण तीन आठवड्यांची झाली की ते वाढतं आणि ती रानात जाते. म्हाताऱ्या माश्या घरात येत-जात असतात तोवर धाकट्यांचं संप्रेरक दबलेलं राहतं. तुम्ही भर दुपारी फुलकिड्यांवर औषध मारलं, की रानातल्या माश्या मरतात. तो दाब उठतो, आणि दाया वयाआधीच बाहेर पडतात. मग घरात अळ्यांना भरवायला कोणी उरत नाही. त्या दिवशी मेलेल्या माश्या तुम्हाला बांधावर दिसतात. आतल्या उपाशी अळ्या दिसत नाहीत, आणि पेटी पुढे आठवडे सावरत नाही.

फुलकिड्यांचा बंदोबस्त गोंडे उमलण्याआधीच करून घ्या. फुलोऱ्यात फवारणं टळतच नसेल, तर दिवस मावळून माश्या घरी परतल्यावर फवारा, आणि कोणतं औषध मारणार ते आदल्या दिवशीच पेटीवाल्याला सांगा, म्हणजे त्याला पेट्या हलवायला रात्र मिळेल. शेजाऱ्याच्या शेतातही फवारणी असेल, तर त्याच्याशीही बोलून ठेवा, कारण माशीला बांध कळत नाही.