भाऊबीजेची ओवाळणी

(मंदिर जीर्णोद्धार सोहळ्यात भाऊबीजेच्या दिवशी केलेले भाषण)



मी वक्ता नव्हे. तालुका कचेरीत वारसनोंदीचे अर्ज पाहणारा एस.एस.सी. शिकलेला कारकून. कमिटीची आज्ञा झाली म्हणून उभा राहिलो.

आज कार्तिक शुद्ध द्वितीया. यमराज आपल्या बहिणीच्या, यमुनेच्या घरी जेवायला गेला म्हणून हिला यमद्वितीया म्हणतात. ज्याच्या नावाने जग थरथरते तोही बहिणीने मांडलेल्या पाटावर मुकाट बसला, याची मला मोठी मौज वाटते.

आता कचेरीतले सांगतो. दिवाळीला माहेरवाशिणी येतात आणि कित्येक घरांत फराळाच्या ताटाशेजारीच हक्कसोडपत्राचा कागद येतो. "ताई, सही कर, नाहीतर नोंद अडेल," असे सांगतात. हे खरे नव्हे. बहिणीचे नाव वारस म्हणून लावले की नोंद होते. मिळकतीवरचा हक्क साध्या कागदावर सुटतही नाही. दुय्यम निबंधकाकडे रजिस्टर व्हावे लागते.

कायदा थोडक्यात असा. १९५६ साली मुलगी बापाची वारस झाली. १९९४ साली महाराष्ट्राने वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीने बसवले, मात्र आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. ९ सप्टेंबर २००५ पासून लग्न झालेलीही हक्कदार झाली. त्या तारखेला बाप हयात नसला तरी मुलीचा हक्क राहतो, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी स्पष्ट केले. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र मोडत नाहीत.

बहिणीने राजीखुशीने हक्क सोडला तर कोणाची हरकत नाही. पण आपल्या बोरिवली भागात भातशेती होती तेव्हाची गोष्ट वेगळी. आज गावठाणातल्या पडक्या खोलीलाही मोल आले आहे. ते तिला न सांगता सही घेणे याला राजीखुशी कसे म्हणावे?

हे दुसऱ्याला शिकवतो आहे असे समजू नका. वडील वारले त्या वर्षी मीच ताईला निबंधकाकडे नेले. तिने कागद वाचला नाही. "कुठे करू रे सही?" एवढेच विचारले. मी बोट दाखवले. घरी आल्यावर ओवाळणीत साडी घातली. ती नेसून तिने शेजारणींना दाखवली, ते आजही डोळ्यांसमोर येते.

एकदा सोडलेला हक्क नुसते बोलून परत येत नाही. भावाला द्यायचेच असेल तर बक्षीसपत्र करून रजिस्टर करावे लागते. इतरांना ही वाट सांगत आलो, स्वतः अजून केले नाही.

आज देणगीदारांच्या फलकावर माहेरवाशिणींची नावे वाचली. त्यांत ताईचेही आहे. ज्या गावात तिच्या नावावर वीतभर जागा नाही, तिथल्या देवळाला तिने पैसे पाठवले.

संध्याकाळी ओवाळून घ्यायला मुलुंडला तिच्या घरी जायचे आहे. कागदाचा विषय पाटावर बसण्याआधीच काढणार आहे.