कौटुंबिक न्यायालयातला वकील

घरातला वाद कोर्टात गेला, की आधी वकील आठवतो.
पण कौटुंबिक न्यायालयाची रीत थोडी वेगळी आहे.

१९८४ च्या कायद्यानुसार, इथे वकील देणं हा पक्षकाराचा हक्क नाही.
त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते.
पुन्हा सांगते, परवानगी लागते.

कारण इथे आधी समेटाचा प्रयत्न होतो.
समुपदेशक दोघांशीही बोलतात.

मग वकील काय करतो?
पोटगीचा अर्ज लिहून देतो.
मुलांचा ताबा, भेटीच्या वेळा, यांचा मसुदा करतो.
जुळत असेल, तर तडजोड घडवतो.
नाहीतर बाजू मांडतो.

भगिनींनो, वकिलाची फी परवडत नाही?
जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा.
महिलांना तिथे मोफत वकील मिळतो.
लक्षात ठेवा, वकील मोफत,
आणि महिलांना उत्पन्नाची अट नाही.